लहबाबची लाल वाळू आणि चार सीटची बग्गी: पाचपैकी तीन तारे

दिवाळीत आई-बाबा पुण्याहून दुबईला आले, तेव्हा तिथल्या लहबाबच्या वाळवंटात टेकड्यांवर चालवायची मोटार-बग्गी भाड्याने घेतली. हेल्मेट, गॉगल मिळाले. पण धाकटीचं हेल्मेट मान हलवली की गरकन फिरायचं. दोनदा बदलून मागितलं, तिसरं बसलं. पट्टे मी स्वतः ओढून पाहिले. बग्गी कलंडली तर वरचा लोखंडी पिंजरा वाचवतो, पण बाहेर काढलेला हात त्याच्याखालीच चिरडतो, हे गाइडने हिंदीत नीट सांगितलं. मग स्वतःच टेकडीच्या माथ्यावरून सुसाट गेला! पलीकडचा उतार दिसत नव्हता, मी थांबलोच. बग्गीच्या मागच्या काठीवरचा झेंडा यासाठीच असतो, पलीकडून येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून. बाबा सारखे, "अरे, सावकाश!" आईची कंबर दुखते, म्हणून ती तंबूत चहा पीत बसली. शहाणी बाई.