विज्ञानासाठी गणित: आधी वेगळा वर्ग, विज्ञानासोबत, की स्वतःच्या वेगाने?

विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात विद्यार्थी अडखळला की निदान ठरलेलं असतं: "गणित कच्चं आहे." पण ‘वाय बरोबर एमएक्स अधिक सी’ या रेषेचा चढ विचारला तर हाच विद्यार्थी पटकन सांगतो. वेग-काळ आलेख पुढे ठेवून त्वरण विचारलं की मात्र तो थांबतो. त्वरण म्हणजे त्या आलेखाचा चढच, म्हणजे प्रश्न तोच, फक्त अक्षरं बदलली आणि सोबत एककं आली.

म्हणून कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवण्याआधी उणीव नेमकी कुठली आहे ते पाहावं लागतं. त्यासाठी प्रश्नांच्या जोड्या सोडवून पाहा. पहिली जोडी: २० भागिले क्ष बरोबर ५, तर क्ष किती? आणि वस्तुमान २० ग्रॅम, घनता ५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर आकारमान किती? दुसरी जोडी: १० चा कितवा घात म्हणजे ०.००१? आणि हायड्रोजन आयनांची संहती (द्रावणातलं प्रमाण) ०.००१ मोल प्रति लीटर असेल तर पीएच (आम्लता मोजणारा अंक) किती? जोडीतला पहिलाच प्रश्न अडला, तर मूळ क्रिया कच्ची आहे. पहिला सुटला आणि दुसरा अडला, तर गणित येतं, पण विज्ञानाच्या वेशात ओळखू येत नाही. या दोन उणिवांना औषध एक नाही.

विज्ञान सुरू होण्याआधीचा वेगळा वर्ग

या मार्गाचं बळ त्याच्या क्रमात आहे. घातांक न समजता लॉगरिदम (म्हणजे लॉग, १० चा कितवा घात हे सांगणारी संख्या) समजत नाही, अपूर्णांक पक्के नसतील तर सूत्रातली हवी ती राशी एका बाजूला काढता येत नाही. वेगळ्या वर्गात ही पायरी-पायरीची मांडणी जपता येते, आणि विज्ञानाची नवी संकल्पना त्याच वेळी डोक्यावर बसलेली नसते. ज्याची मूळ क्रियाच डळमळीत आहे त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

उणीव अशी, की अशा वर्गातल्या संख्या बहुधा उघड्या असतात. त्यांना एकक नसतं, मापनातली त्रुटी नसते, आणि उत्तर सोयीस्करपणे पूर्णांकात येतं. विज्ञानात एककाशिवाय संख्येला अर्थच नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झालं. एका संगणक प्रणालीने इंजिनांचा आवेग (बल गुणिले काळ) पाउंड-बल सेकंदांत दिला आणि पुढच्या प्रणालीने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. फरक जवळपास ४.४५ पट. आकडेमोड दोन्हीकडे चोख होती. एककं वगळून शिकवलेलं गणित विद्यार्थ्याला नेमक्या या जागी उघडं पाडतं.

शिवाय शिकणं आणि वापरणं यांत काही महिने गेले, तर वर्गात पक्कं वाटलेलं बरंच विसरलेलं असतं.

विज्ञानाच्या तासातच, लागेल तेव्हा

माझा कौल बहुतेकांसाठी या मार्गाला आहे, आणि त्याचं कारण साध्या लंबकाच्या प्रयोगात दिसतं. लंबकाची लांबी २५ सेंटिमीटर असेल तर एका आंदोलनाला साधारण १ सेकंद लागतो, लांबी १ मीटर केली तर साधारण २ सेकंद. लांबी चौपट, काळ दुप्पट. वर्गमूळ इथे हाताला लागतं. काळ आणि लांबी यांचा आलेख वक्र येतो, काळाचा वर्ग घेतला की तो सरळ होतो. त्या रेषेचा चढ सुमारे ४.०३ सेकंद वर्ग प्रति मीटर, आणि त्यातून गुरुत्व त्वरण काढता येतं. चढालाही एकक असतं, हे बऱ्याच विद्यार्थ्यांना इथे पहिल्यांदाच कळतं.

त्रुटीचा विचारही आपोआप येतो. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक ०.२ सेकंद धरली, तर २ सेकंदांच्या एका आंदोलनात ती १० टक्के होते. २० आंदोलनं एकत्र मोजली तर ४० सेकंदांत तीच चूक अर्धा टक्का. मग उत्तरात दशांशानंतर किती अंक लिहायचे याचं कारण पाठ करावं लागत नाही.

लॉगरिदमचंही तसंच. दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा एक जिवाणू १० तासांत ३० वेळा दुप्पट होतो, म्हणजे सुमारे १०७ कोटी. साध्या आलेखावर ही वाढ बराच काळ सपाट दिसते आणि शेवटी एकदम उसळते. लॉग अक्षावर, म्हणजे जिथे प्रत्येक सारखं अंतर तितक्याच पटीचं असतं, तीच सरळ रेषा होते. किरणोत्सारी ऱ्हासातही हीच रेषा भेटते, फक्त उतरती: कार्बन-१४ चं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) सुमारे ५,७३० वर्षं, म्हणजे ११,४६० वर्षांनी चौथा हिस्सा उरतो. जीवशास्त्रात आणि भौतिकशास्त्रात एकच गणित पाहिलेला विद्यार्थी ते तिसऱ्या ठिकाणीही ओळखतो. ही ओळख वेगळ्या वर्गात सहसा घडत नाही.

पण किंमत आहे. तासाचा वेळ जातो. रसायनशास्त्राला लॉग आज हवा असतो आणि गणितात तो धडा दोन महिन्यांनी येतो. शिक्षकांनी आपसात बोलून क्रम आणि शब्द जुळवले नाहीत, तर विद्यार्थ्याला एकच गोष्ट तीन वेगळ्या गोष्टी वाटते. वेळ वाचवायला काही ठिकाणी सूत्राचा त्रिकोण शिकवतात: तीन राशी त्रिकोणात मांडायच्या, हवी ती राशी झाकायची आणि उत्तर काढायचं. याला माझा ठाम विरोध आहे. तीन राशींच्या साध्या गुणाकारापुरता तो चालतो. अंतिम वेग बरोबर सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले काळ, एवढ्या सूत्रातही तो निकामी ठरतो, आणि तोवर समीकरण सोडवायची सवय लागलेली नसते.

मूळ क्रिया कच्ची असेल तर हा मार्ग क्रूर ठरतो. नवं विज्ञान आणि नवं गणित एकाच तासात, आणि दोन्ही निसटतात.

स्वतःच्या वेगाने सराव

खान अकॅडमीवर सराव मोफत आहे, जिओजेब्रा आणि डेसमॉसवर आलेख हलवून पाहता येतात, आणि कोलोरॅडो विद्यापीठातून सुरू झालेल्या फेट (PhET) या संकेतस्थळाच्या संगणकावरच्या प्रयोग-प्रतिकृतींमध्ये राशी बदलून परिणाम बघता येतो. चूक झाली तर लगेच कळतं, आणि दहाव्यांदा चुकलं तरी कोणासमोर संकोच नाही. मात्र उत्तर बरोबर की चूक एवढंच कळतं, वहीतली मांडणी कोणी तपासत नाही. एकाच प्रकारची उदाहरणं ओळीने सोडवली तर रीत ठरवावी लागत नाही, म्हणून सगळं येतंय असं वाटतं. प्रकार मिसळून सोडवा. जोड म्हणून हा मार्ग उत्तम, एकट्याच्या भरवशावर मी तो सुचवणार नाही.

विषयानुसार

भौतिकशास्त्राला त्रिकोणमिती, सदिश (दिशा असलेल्या राशी) आणि कलन (कॅल्क्युलस) लागतं, रसायनशास्त्राला गुणोत्तर, घातांक आणि लॉग. जीवशास्त्र घेतलं की गणित सुटलं, हा समज मात्र महागात पडतो. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे आहेत. गुणोत्तर २.९६ ला १. ते ३ ला १ पासून खरंच वेगळं आहे की योगायोगाने एवढा फरक पडतोच, याचं उत्तर सांख्यिकीशिवाय देता येत नाही. जीवशास्त्राकडे जाणाऱ्याने कलनाआधी सांख्यिकीला वेळ द्यावा.

मग काय निवडायचं

जोडीतले पहिले प्रश्न अडले असतील तर आधी छोटा वेगळा वर्ग घ्या, पण तो अपूर्णांक, गुणोत्तर, घातांक आणि सूत्र उलटवणं एवढ्यापुरता. कलन त्यात नको. फक्त दुसरे प्रश्न अडले असतील तर वेगळ्या वर्गावर वेळ घालवू नका, विज्ञानासोबतचा मार्ग धरा. तुमच्याकडे तसं शिकवत नसतील तर काही गोष्टी स्वतः करता येतात: प्रत्येक पायरीवर एकक लिहा, प्रयोगाचा निदान एक आलेख हाताने काढा, आणि कॅल्क्युलेटर उचलण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते लिहून ठेवा.

पूरक वर्गात नाव घालण्यापूर्वी त्यांच्या सरावाची दोन पानं मागून पाहा. उदाहरणांत एककं आहेत का, संख्या खऱ्या मोजमापांतून आलेल्या वाटतात का, हे त्यात दिसेल. आणि सोडवलेल्या पायऱ्या कोण तपासतं, हेही विचारा.