तिप्पट पैसे मोजले, तरी डिस्क बोगसच

आधीच सांगून टाकते, मी स्वस्त मालाला भुललेली नाही. "स्वस्तातलं घेतलंस ना, मग भोग आता" हे मला घरच्यांपासून तक्रार कक्षातल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. ज्या पैशांत साध्या 600 कोऱ्या डीव्हीडी आल्या असत्या, त्या पैशांत मी 200 घेतल्या. शंभराच्या दोन चळती. आता बोला.

काम घरचंच होतं. 54 मिनी-डीव्ही कॅसेट, एकेक तासाच्या. अशी कॅसेट संगणकावर जशीच्या तशी उतरवली की साधारण 13 जीबी होते, म्हणजे 4.7 जीबीच्या तीन डिस्क. 54 त्रिक 162, आणि कशावर काय आहे त्याच्या यादीची एक, एकूण 163. उरलेल्या 37 अजून कोऱ्या आहेत. त्या टाकल्या नाहीत हे एकच शहाणपण माझ्या हातून झालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर न वापरलेल्या डिस्क, डबा, वरचं प्लॅस्टिक, बिल, काही म्हणजे काही फेकू नका.

स्वस्त की महाग याचा मी अभ्यास केला होता. अशा डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेसर त्यावर खुणा भाजतो. तो थर कडेपर्यंत सारखा पसरलाय का, मागचा चकाकणारा थर आणि दोन चकत्यांना धरून ठेवणारा गोंद नीट बसलाय का, यावर डिस्क टिकते की नाही ते ठरतं. डब्यावरच्या नावाला फारसा अर्थ नसतो. एकाच कारखान्याचा माल चार नावांनी विकला जातो आणि एका नावाखाली दोन कारखान्यांचा माल येतो. म्हणून जाणकार डिस्कमधला मीडिया कोड, म्हणजे ती कुणी बनवली त्याची खूण, बघतात. मला ताइयो युडेन या जपानी कंपनीचा माल हवा होता. हौशी लोकांत त्याचं किती नाव होतं ते जुन्या मंडळींना सांगायला नको.

विक्रेता फोनवर म्हणाला, "मॅडम, एकदम ताजा माल आहे, याच वर्षीचं पॅकिंग."

वर्ष होतं 2018. ताइयो युडेननं कोऱ्या डिस्कचा धंदा 2015 अखेर बंद केला. आणि हे मला माहीत होतं! ती बातमी वाचून मी हळहळले होते. मिळतंय तोवर घेऊन ठेवावं ही घाईसुद्धा त्यातूनच आलेली. मग ताजा माल येणार कुठून? प्रश्न मनात आला, फोन कानाला असतानाच आला, आणि त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं: जुन्या शिलकीला नवीन पॅकिंग करत असतील. त्या माणसाला खोटं सुचण्याचीही तसदी घ्यावी लागली नाही, त्याची सबब मीच शिवून दिली. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला गेलेले पैसे आठवत नाहीत, तो अर्धा सेकंद आठवतो.

डबे आले. पहिली डिस्क ड्राइव्हमध्ये घालून कोड वाचला: टीवायजी03. अस्सल! मी खूश. तर हे नीट ऐकून ठेवा. हा कोड डिस्क साच्यातून निघतानाच तिच्या खोबणीत उमटलेला असतो. ज्याच्याकडे साचा आहे तो त्यात दुसऱ्याचा कोड घालू शकतो, आणि घालतात. कोड जुळला नाही तर माल नक्की बोगस, पण जुळला म्हणून अस्सल असं मुळीच नाही.

पुढची चूक कबूल करायची तर आणखी लाज वाटते. पहिल्या पाच डिस्क राइट करून मी त्यांचं स्कॅनही केलं, म्हणजे आतपासून कडेपर्यंत वाचताना कुठे किती चुका येतात ते मोजलं. पीआयएफ नावाच्या चुकांचा आकडा 4 च्या आत असावा असं प्रमाण आहे. माझ्या आलेखात मध्यापर्यंत सगळं सपाट, आणि कडेकडे 14, 17 चे सुळके. मी काय केलं? ड्राइव्ह बदलला. घरच्या ड्राइव्हचे आकडे अगदी काटेकोर नसतात, हे खरंच आहे, त्यामुळे मी अगदीच खुळी होते असं म्हणता येणार नाही. पण नव्या ड्राइव्हवरही सुळके तिथेच आले, तेव्हा तरी थांबायला हवं होतं. थांबले नाही, कारण राइट झाल्यावरचं व्हेरिफाय दर वेळी हिरवं येत होतं. 163 पैकी 163 हिरव्या. व्हेरिफायवर विसंबू नका. ते फक्त आज डिस्क वाचता येते एवढंच सांगतं.

आणि डोळ्यांनी तरी दिसत नव्हतं का? दिसत होतं की! ट्यूबखाली तिरकी धरली की बाहेरच्या कडेला भातुकलीतल्या बांगडीएवढ्या जाडीचा फिकट पट्टा, जिथे रंग विरळ झालेला. मधल्या भोकाच्या कडेला प्लॅस्टिकची कुसळं. एकमेकींना चिकटलेल्या डिस्क सोडवताना चट् असा आवाज यायचा. मला वाटलं, दमट हवा.

चौदा महिन्यांनी बाबांची एक चित्रफीत बघायला घेतली. ते रेडिओ उघडून बसलेत, स्क्रू शोधतायत, आणि तो स्क्रू त्यांच्याच तोंडात आहे. तो सापडल्यावर ते जे हसतात ते शेवटच्या दोन मिनिटांत आहे. चित्र तिथे थिजलं, हिरवे चौकोन आले, ड्राइव्ह घरघरला आणि संपलं. मग सगळ्या डिस्क काढून तपासल्या. 71 धड, 58 शेवटाकडे खराब, 34 तर ड्राइव्हला दिसतसुद्धा नाहीत. शेवटच का जातो, तर डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि कड आधी मरते. म्हणून डिस्क काठोकाठ भरू नका, तीन-चारशे एमबी मोकळे सोडा. मी प्रत्येक डिस्क काठोकाठ भरली होती, जागा वाया जाऊ नये म्हणून!

मूळ कॅसेट? 54 पैकी 9 उरल्यात. बाकीच्या मी स्वतः रद्दीत दिल्या. यावर कृपया काही बोलू नका.

आता तक्रारीचं ऐका. विक्रेता म्हणाला, परत करायची मुदत दहा दिवसांची होती. ज्या वस्तूचा दोष चौदा महिन्यांनी कळतो, तिला दहा दिवस! ज्या संकेतस्थळावरून घेतल्या त्यांनी "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" असं तीनदा कळवलं, तीन वेगवेगळ्या नावांनी. पोलीस ठाण्यात हवालदार सगळं ऐकून म्हणाले, "ताई, रिकाम्या डिस्क घेतल्या आणि रिकाम्याच निघाल्या, यात गुन्हा कोणता?" बाजूचे दोघे हसले. गेलेल्या मालाची किंमत लिहा म्हणाले, तर डिस्कची लिहिली. आत काय होतं त्याला त्यांच्या अर्जात रकाना नाही. ग्राहक तक्रार कक्षात पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब रजेवर, दुसऱ्या खेपेला अर्जाचा नमुना बदललेला, तिसऱ्या खेपेला "डिस्क बोगस असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला आणा". कुठली प्रयोगशाळा? ते त्यांनाही माहीत नाही. चौथ्या खेपेला माझ्या स्कॅनचे आलेख बघून एकानं विचारलं, हे हृदयाचं आहे का.

मध्येच आठवलं म्हणून सांगते: आधी दहाच डिस्क घ्या, आणि त्या तपासून मगच शंभर. डीव्हीडीवर कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो. महत्त्वाचं असेल तर दोन प्रती दोन वेगळ्या कारखान्यांच्या डिस्कवर ठेवा, आणि एक हार्ड डिस्कवर. उन्हात ठेवू नका, रंगच तो, उडतो. दर सहा महिन्यांनी स्कॅन करा आणि आकडा वहीत लिहा, आलेख चढायला लागला की लगेच दुसरी प्रत काढा. एक हजार वर्षं टिकण्याचा दावा करणारी एम-डिस्कही निघाली होती, तिच्यात सेंद्रिय रंग नाही, हे तत्त्व चांगलं. पण तीही कुणाकडून घेताय ते आधी बघा, नाहीतर हजार वर्षांचा ठसा मारलेलं दहा दिवसांचं भांडं हाती येईल.

पाचव्या खेपेला कक्षातून सांगितलं, सगळा पुरावा सीडीवर भरून दोन प्रतींत जमा करा.

घरी येऊन कपाट धुंडाळलं. 2008 सालच्या, सगळ्यांत स्वस्त म्हणून उचललेल्या पंचवीसच्या डब्यात दोन कोऱ्या सीडी सापडल्या. त्याच डब्यातल्या, तेव्हा भरलेल्या सीडी अजून खडखडीत चालतात, एकही चूक नाही. त्या दोनवर पुरावा भरून नेऊन दिला. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला, सीडी फायलीला टाचणीनं टोचणार होत्या, मी हात धरला म्हणून वाचली. आत काय आहे ते त्यांनी अजून बघितलेलं नाही. त्यांच्या नव्या संगणकाला डिस्कचा ड्राइव्हच नाही.