एका कामाचे विमान की सगळ्या कामांचे?

भाच्याला नौदलात पसंती कळवायची आहे: विमानवाहू जहाजावरून उडणारे लढाऊ मिग-२९के की समुद्रावर टेहळणी करणारे पी-८आय? दोन्ही गोव्यात दाबोळीच्या हंसा तळावर आहेत, म्हणजे वास्कोतले घर सारखेच जवळ. वेग, पल्ला वगैरे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. माझे हात मात्र दोन्ही जातींच्या विमानांची देखभाल करताना काळे झालेत. आधी सगळ्या कामांचे लढाऊ सी हॅरिअर, मग स्वतःहून मागून घेतलेले, पाणबुड्या शोधणारे आयएल-३८.

हॅरिअरचे देणे आधी फेडतो. हवेतली लढत, टेहळणी, जहाजावर हल्ला, सगळे त्याच्याकडेच. विराट या विमानवाहू जहाजाच्या हँगरात तीन कामांना तीन तऱ्हेची विमाने ठेवणार कुठे? उलट अलिझे पाहा, पाणबुड्या हुडकायला बनवलेले. जुन्या विक्रांत जहाजावर स्की-जंप, म्हणजे टोकाला वर वळलेला डेक, आला, विमानाला झटक्याने पुढे फेकणारा कॅटापल्ट गेला आणि अलिझे किनाऱ्यावरच राहिले. १९९१मध्ये तेही संपले.

तरी माझे मन विटले ते पंखाखालच्या पायलनपायी, म्हणजे टाकी किंवा शस्त्र टांगायच्या आधारापायी. आतल्या पायलनवर एक तर इंधनाची टाकी, नाहीतर सी ईगल क्षेपणास्त्र. लांब जायचे तर टाकी हवी, जहाज गाठून मारायचे तर क्षेपणास्त्र, आणि जागा तीच. संध्याकाळी उद्याचे काम बदलले की आम्ही पुन्हा ट्रॉली ओढायला. जोडणी बदलली की तपासण्या पहिल्यापासून, सह्याही पहिल्यापासून. जुलैतल्या एका रात्री एकच विमान दोनदा सजवले आणि सकाळी ढग इतके उतरले की उड्डाणच रद्द. घरी हुमण-शीत झाकून ठेवलेले, ते दुपारी खाल्ले.

आयएल-३८वरही जागरणे झालीच. चार टर्बोप्रॉप इंजिने कुणाला झोपू देतात? पण शेपटीच्या दांड्यातले पाणबुडी हुंगणारे चुंबकीय यंत्र काल होते तेच आज, पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज टिपणारे सोनोबॉयही तेच. दोन वर्षांत कुठला आवाज वेगळा आहे ते कानालाच कळायला लागले. हॅरिअरवर ही ओळख मला कधी जमली नाही. दोष माझाही असेल. १९७७मध्ये आलेली ही विमाने २०२३पर्यंत उडली.

पी-८आयलाही बहुउद्देशीय म्हणतात खरे. पण त्या बोइंग ७३७च्या अंगात सगळे उद्देश समुद्रावर नजर ठेवण्याभोवतीच फिरतात. मिगला मी हात लावलेला नाही, तेव्हा माझी मोजपट्टी जुनी धरायला हरकत नाही. बोट, डेक, धावपळ हवी असेल तर भाच्याने खुशाल तिकडे जावे.

त्याने अजून काही लिहिलेले नाही. काल फक्त पायलन किती जड असतो, एवढेच विचारून गेला.