हॉल ऑफ प्रेसिडेंट्स की द अमेरिकन ॲडव्हेंचर?

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये अमेरिकेचा इतिहास खुर्चीत बसून पाहण्याची दोन ठिकाणे आहेत. ती दोन वेगवेगळ्या उद्यानांत असल्यामुळे एका दिवसाच्या साध्या तिकिटात दोन्ही पाहता येत नाहीत. मॅजिक किंगडममधील ‘हॉल ऑफ प्रेसिडेंट्स’ १ ऑक्टोबर १९७१ रोजी, म्हणजे उद्यानाबरोबरच सुरू झाला. एप्कॉटमधील ‘द अमेरिकन ॲडव्हेंचर’ त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी, १ ऑक्टोबर १९८२ रोजी. भारतातून आलेले आईवडील आणि तिकडच्या शाळेत शिकणारी मुले यांना सोबत घेऊन निघालेल्या कुटुंबाला बहुधा एकाच खेळापुरती सवड असते. दोन्हीकडे वातानुकूलित सभागृह आहे आणि दोन्हीकडे जवळपास अर्धा तास जातो. म्हणून निवड करताना इतिहास कोणाच्या तोंडून आणि कोणाच्या बाजूने सांगितला जातो, हेच पाहिलेले बरे.

हॉल ऑफ प्रेसिडेंट्समध्ये आधी चित्रपट होतो आणि मग पडदा सरकून सगळ्या राष्ट्राध्यक्षांचे पुतळे एकाच मंचावर दिसतात. गणेशोत्सवातील हलते देखावे पाहत वाढलेल्या डोळ्यांना यंत्रावर चालणाऱ्या पुतळ्यांचे फारसे अप्रूप वाटणार नाही, परंतु येथील कारागिरीकडे लक्ष द्यावेच. निवेदनात ज्याचे नाव येते तो पुतळा मान लववतो, आणि त्या वेळी बाकीचे स्तब्ध राहत नाहीत: कोणी शेजाऱ्याकडे वळतो, कोणी कुजबुजल्यासारखा झुकतो, कोणी लांबलेल्या सभेतल्या माणसासारखा चुळबुळतो. पोलिओमुळे पाय अधू झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पुतळ्याला पायांच्या आधारपट्ट्यासुद्धा आहेत, आणि त्या मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसणेही कठीण.

या खेळाची राजकीय भूमिका भाषणांपेक्षा या हजेरीत अधिक आहे. मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून हुसकावणाऱ्या १८३० च्या कायद्यावर सही करणारे अँड्र्यू जॅक्सन, गुलामगिरी संपवणारे लिंकन आणि १९७४ मध्ये राजीनामा द्यावा लागलेले निक्सन या सर्वांच्या वाट्याला तेवढाच प्रकाश आणि तेवढीच मान लववणी येते. व्यक्तीपेक्षा पद मोठे, असा त्यामागचा विचार आहे. तो निःपक्षपाती दिसतो खरा; परंतु सर्वांना एकाच मापाने मोजणे हीही एक बाजू घेणेच असते.

सुरुवातीची बावीस वर्षे विद्यमान राष्ट्राध्यक्ष येथे बोलत नसत. बोलायचे ते फक्त लिंकन. चित्रपटाचा विषयही राज्यघटना आणि तिच्यावर आलेली संकटे हा होता, त्यामुळे गुलामगिरीचा प्रश्न माणसांवरील अन्यायापेक्षा संघराज्याला असलेला धोका म्हणून पुढे येत असे. १९९३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील इतिहासकार एरिक फोनर यांच्या पुढाकाराने संहिता बदलली, गुलामगिरीला तिच्यात ठळक स्थान मिळाले आणि निवेदनाला कृष्णवर्णीय कवयित्री माया अँजेलो यांचा आवाज लाभला. त्याच वर्षी बिल क्लिंटन यांच्या पुतळ्याला त्यांच्याच आवाजातील भाषण देण्यात आले. हे दोन्ही बदल एकाच वेळी झाले असले, तरी त्यांची दिशा एक नव्हती. पहिल्याने इतिहास अधिक प्रामाणिक झाला आणि दुसऱ्याने चालू राजकारणाला थेट मंचावर जागा मिळाली.

२००९ मध्ये ओबामांसह आलेल्या आवृत्तीत, इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांच्या साहाय्याने, राष्ट्राध्यक्ष आणि सामान्य जनता यांच्यातील नात्यावर भर देण्यात आला. लिंकन यांना त्यांचे यादवी युद्धाच्या काळातील गेटिसबर्गचे प्रसिद्ध भाषण मिळाले आणि वॉशिंग्टनही बोलू लागले. माझ्या मते १९९३ च्या संहितेतील धार येथे बोथट झाली. डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांचा पुतळा आल्यावर टाळ्या आणि आरडाओरडा यांची इतकी चर्चा झाली, की प्रेक्षागृहच खेळाचा भाग बनले. ऑगस्ट २०२१ मधील आवृत्तीसाठी बायडन यांनी पदाची शपथ ध्वनिमुद्रित करून दिली. शपथेचा मजकूर घटनेतच लिहिलेला असल्याने त्यावर वाद घालायला वाव नाही, आणि ही सावधगिरी बरेच काही सांगून जाते.

द अमेरिकन ॲडव्हेंचरचा बेत निराळा आहे. येथेही पुतळेच बोलतात, पण सूत्रधार दोन, स्वातंत्र्याच्या काळातील मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन आणि विनोदी लेखक मार्क ट्वेन, आणि दोघेही कधी राष्ट्राध्यक्ष झाले नाहीत. फ्रँकलिन आशावादी आहेत, ट्वेन तिरकस बोलतात. या जोडीमुळे देशाच्या कौतुकाला प्रत्येक वेळी थोडा चिमटा बसतो. स्वातंत्र्ययुद्धातील सैन्याच्या हिवाळी तळाचा, म्हणजे व्हॅली फोर्जचा प्रसंग मला या संपूर्ण तुलनेची गुरुकिल्ली वाटतो: बर्फात कुडकुडणारे दोन सैनिक आपसांत कुरकुर करत असतात, आणि घोड्यावर बसलेले जॉर्ज वॉशिंग्टन एक शब्दही बोलत नाहीत. हॉलमध्ये नेता बोलतो आणि जनता ऐकते. येथे उलटे आहे.

गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या सुझन बी. अँथनी आणि मूळ रहिवाशांपैकी नेझ पर्स जमातीचे चीफ जोसेफ यांना येथे स्वतःचे शब्द आहेत. थिओडोर रूझवेल्ट येतात तेही निसर्गरक्षक जॉन म्यूर यांच्यासोबत. १९३० च्या दशकातील मंदीचा काळ पेट्रोल पंपाच्या ओसरीवर गप्पा मारत बसलेल्या माणसांतून उभा केला आहे. एवढे असूनही या खेळाला निर्दोष म्हणता येणार नाही. यादवी युद्ध एका कुटुंबातील दोन भावांच्या फाटाफुटीतून, जुन्या छायाचित्रांच्या आणि गाण्याच्या आधारे सांगितले जाते. ते हृदयस्पर्शी आहे, परंतु शोक त्या गोऱ्या घराचा होतो, आणि ज्यांच्या गुलामगिरीवरून युद्ध पेटले ती माणसे चौकटीबाहेर राहतात. चीफ जोसेफ यांच्या शरणागतीनंतरही खेळ फार वेळ रेंगाळत नाही. जखम दाखवायची, पण फुंकर लगेच घालायची, अशी ही रीत आहे. मार्टिन ल्यूथर किंग शेवटच्या चित्रमालिकेत झळकतात, त्यांचा स्वतंत्र प्रवेश नाही.

कॅलिफोर्नियाकडे राहणाऱ्यांसाठी तिसरा पर्याय ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमधील लिंकन यांचा. हा पुतळा १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात इलिनॉय राज्याच्या दालनात प्रथम बोलला आणि पुढच्या वर्षी डिस्नेलँडमध्ये आला. त्याचे मूळ भाषण लिंकन यांच्या निरनिराळ्या भाषणांतून जोडलेले होते आणि त्याचा भर कायद्याचे पालन आणि देशाला आतून असणारा धोका यांवर होता. जुलै २०२५ पासून त्या मंचावर वॉल्ट डिस्ने यांचा पुतळा आला असून पुढे दोन्ही खेळ आलटून पालटून दाखवण्याचे जाहीर झाले आहे. केवळ लिंकनसाठी जायचे असेल तर वेळापत्रक आधी पाहावे.

मूल दहा वर्षांच्या पुढचे असेल आणि शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकत असेल, तर मी द अमेरिकन ॲडव्हेंचरच निवडेन, कारण परतीच्या वाटेवर विचारण्यासारखे प्रश्न त्यातून अधिक निघतात. तेथील संवाद मात्र भरगच्च आहेत, आणि अमेरिकन उच्चारांची सवय नसलेल्या आजी-आजोबांना ते दमवतात. त्यांना हॉलमधील हजेरी अधिक सोपी जाते, कारण केनेडी, निक्सन, रीगन ही नावे त्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेली असतात. मॅजिक किंगडमचे तिकीट एरवी काढलेलेच असेल, तर हॉल चुकवण्याचे कारण नाही. फक्त राष्ट्राध्यक्ष बदलला की नवा पुतळा येईपर्यंत हे सभागृह कित्येक महिने बंद राहते, म्हणून निघण्यापूर्वी ते सुरू आहे ना याची खात्री करून घ्यावी.