गॅम्बिटच्या सहा अल्पायुषी मालिका: आधी कोणती वाचावी?

'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये (२०२४) गॅम्बिटच्या भूमिकेत चॅनिंग टेटमला पाहून अनेकजण या पात्राची कॉमिक्स शोधायला निघतात आणि पहिल्या मिनिटालाच अडकतात. मार्व्हलने 'गॅम्बिट' याच नावाची मालिका सहा वेळा काढली आणि दर वेळी अंक क्रमांक १ पासून सुरुवात केली. १९९३, १९९७, १९९९, २००४, २०१२ आणि २०२२. यातली एकही पंचविसाव्या अंकापलीकडे गेली नाही. त्यामुळे 'गॅम्बिट अंक १' असं नुसतं शोधलं, तर सहा वेगळ्या गोष्टी समोर येतात. नावासोबत वर्ष लिहून शोधायची सवय लावून घ्या, अर्धा गोंधळ तिथेच संपतो. जुन्या अंकांवर छापलेला महिना बहुधा विक्रीच्या महिन्याच्या एकदोन महिने पुढचा असतो. म्हणून १९९८च्या अखेरीस दुकानात आलेली मालिका याद्यांमध्ये १९९९ची म्हणून सापडते.

आधी जरुरीपुरती पार्श्वभूमी. गॅम्बिटचं खरं नाव रेमी लबो. हा न्यू ऑर्लिन्सचा केजन, म्हणजे लुईझियानातला फ्रेंच वंशाचा, चोर. तिथल्या चोरांच्या गिल्डचा (संघटनेचा) प्रमुख जाँ-ल्यूक लबो याने त्याला दत्तक घेतलं. मारेकऱ्यांच्या गिल्डशी समेट व्हावा म्हणून त्याचं लग्न तिकडच्या बेला डॉनाशी लावलं. तिचा भाऊ ज्युलियन द्वंद्वात रेमीच्या हातून मेला आणि रेमीला शहर सोडावं लागलं. हाताने स्पर्श केलेल्या वस्तूत गतिज ऊर्जा भरून तो ती स्फोटकासारखी फेकतो. त्यासाठी त्याची आवडती वस्तू म्हणजे पत्ते. ख्रिस क्लेअरमाँट आणि जिम ली यांनी त्याला १९९० साली 'अनकॅनी एक्स-मेन' या जन्मजात शक्ती लाभलेल्या नायकांच्या संघाच्या मालिकेत आणलं. त्याचं पूर्ण पदार्पण अंक २६६ मध्ये मानतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. गॅम्बिटच्या हातात एखादी ठोस चोरी दिली की मालिका पळते. गिल्डांचं घराणं आणि भूतकाळातलं गूढ उगाळत बसलं की ती बसकण मारते. निवड करताना हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

नव्याने येणाऱ्यासाठी: २०१२

जेम्स अॅस्मसने लिहिलेली आणि क्ले मानने चितारलेली ही मालिका १७ अंक चालली. एक्स-मेनचं काहीही न वाचता हातात घेता येईल अशी यातली हीच एक. रेमी तेव्हा वुल्व्हरिनच्या जीन ग्रे शाळेत शिक्षक आहे आणि कंटाळला आहे. तो टक्सिडो चढवतो आणि बोर्या सिच नावाच्या धनाढ्य गुन्हेगाराच्या पार्टीत शिरून त्याच्या तिजोरीवर हात मारतो. चोरलेली प्राचीन वस्तू त्याच्या छातीलाच चिकटून बसते आणि ती काढण्याच्या खटाटोपात पुढचे अंक सरतात. पहिला अंक वाचून मालिका आपल्यासाठी आहे की नाही ते लगेच कळतं, कारण तिचा सूर पुढे फारसा बदलत नाही. हलकीफुलकी, चटपटीत, थोडी रंगेल.

कमकुवत बाजूही आहे. क्ले मान सगळे अंक काढत नाही. मध्ये दुसरे चित्रकार आले की रेमीचा चेहरा आणि पानांची मांडणी दोन्ही ढिली पडतात. मानच्या अंकांत चोरीचा प्रत्येक टप्पा शब्दांविना, नुसत्या चौकटींतून कळतो. इतरत्र तोच मजकूर संवादात सांगावा लागतो. खलनायक टूमस्टोनच्या अंकांपासून कथा चोरीकडून टोळीयुद्धाकडे सरकते आणि शेवट घाईत उरकलेला वाटतो. मालिका बंद होणार हे ठरल्यावर धागे गुंडाळावे लागतात, तो ताण शेवटच्या पाच अंकांत जाणवतो.

खरेदी करताना एक सापळा आहे. या मालिकेचे तीन पेपरबॅक संग्रह निघाले: 'वन्स अ थीफ', 'टूमस्टोन ब्लूज' आणि 'किंग ऑफ थीव्ज'. नंतर सगळे १७ अंक एकत्र असलेला जाडजूड संग्रह निघाला आणि त्याचंही नाव 'किंग ऑफ थीव्ज' ठेवलं, पुढे 'द कम्प्लीट कलेक्शन' जोडून. ऑनलाइन दुकानात घाईने बटण दाबलं तर संपूर्ण संग्रहाऐवजी फक्त अंक १३ ते १७ घरी येतील. पानांची संख्या पाहा. पाच अंकांचं पुस्तक शंभर-सव्वाशे पानांचं असतं, सतरा अंकांचं त्याच्या तिप्पट.

खोलात जायचं असेल तर: १९९९

फेबियन निसिएझा लेखक, स्टीव्ह स्क्रोस मुख्य चित्रकार, २५ अंक, शिवाय १९९९ आणि २०००चे वार्षिक अंक आणि क्रमांक ½ असलेला एक छोटा अंक. सहांमधली सर्वांत लांब आणि सर्वांत महत्त्वाकांक्षी मालिका हीच. गॅम्बिटबद्दल चाहते ज्यावर वाद घालतात, त्यातलं बरंच इथलं आहे.

पण ही थेट सुरू करू नका. १९९७च्या 'अनकॅनी एक्स-मेन' अंक ३५० मध्ये गॅम्बिटवर खटला चालतो. भुयारांत राहणाऱ्या मॉरलॉक्सची कत्तल करणाऱ्या मरॉडर्स या मारेकऱ्यांची टोळी खलनायक मिस्टर सिनिस्टरसाठी त्यानेच जमवली होती, हे तिथे उघड होतं आणि सहकारी त्याला अंटार्क्टिकाच्या बर्फात सोडून जातात. १९९९च्या मालिकेतला प्रत्येक अपराधभाव या एका अंकावर उभा आहे. तो वाचला नाही तर पहिल्या तीन अंकांत रेमी एवढा खिन्न का, हेच कळत नाही. त्यानंतर अंक ३६१ वाचला की तो परत कसा येतो तेही जुळतं. एवढे दोन अंक पुरेत. नव्वदच्या दशकातल्या बाकी एक्स-मेनच्या मागे लागलात तर ही मालिका सुरूच होणार नाही.

मालिकेचा साचा पहिल्या वर्षात छान बसतो. न्यू सन नावाचा गूढ मालक रेमीला कामं देतो आणि दर अंकाला एक चोरी होते. मागे एक मोठा प्रश्न हळूहळू फुगत राहतो: या माणसाला गॅम्बिटकडून नेमकं काय हवंय? स्क्रोसची चित्रं इथे मालिकेला तोलून धरतात. स्क्रोसने 'द मेट्रिक्स'चे स्टोरीबोर्डही केले आहेत आणि हाणामारीतला कॅमेऱ्यासारखा कोन इथेही दिसतो. दुसऱ्या वर्षात सिनिस्टर, कालप्रवास, रेमीची वाढत जाणारी शक्ती असं सगळं एकावर एक चढतं. इथेच बरेच वाचक गळतात. चित्रकार बदलत राहतात, वाचकाला लक्षात ठेवायच्या गोष्टी वाढतात आणि चोऱ्या कमी होतात. तरीही सोडू नका. अंक २४ मध्ये न्यू सनचं उत्तर मिळतं. ते इथे सांगत नाही, पण एवढं सांगतो की ते पहिल्या अंकापासून पेरलेलं आहे आणि दुसऱ्यांदा वाचताना सापडतं. सहांपैकी फक्त हीच मालिका आपल्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देऊन संपते.

ही मालिका 'द कम्प्लीट कलेक्शन' या मथळ्याच्या दोन खंडांत निघाली आहे. सुटे अंक गोळा करत असाल तर वार्षिक अंक आणि ½ विसरू नका. यादीत अंक १ ते २५ पुरे झाले की लोक थांबतात आणि मग मधल्या संदर्भांवर ठेचकाळतात.

१९९३: पाया, पण जुनाट

हॉवर्ड मॅकी लेखक, ली वीक्स चित्रकार, क्लाऊस जॅन्सनची शाई, चार अंक. सुरुवातीलाच रेमीचा दत्तक भाऊ ऑन्री मारला जातो आणि रेमी एक्स-मेनमधली सहकारी 'रोग' हिला सोबत घेऊन न्यू ऑर्लिन्सला परततो. कँड्रा नावाची बाई दोन्ही गिल्डांकडून ठरावीक काळाने खंडणी वसूल करते आणि बदल्यात चोरांना दीर्घायुष्याचं रसायन देते. गिल्डांची ही सगळी व्यवस्था इथे पक्की झाली आणि पुढच्या बहुतेक लेखकांनी ती गृहीत धरली.

वीक्स आणि जॅन्सन यांची जोडी हे वाचण्याचं खरं कारण. जाड, खरबरीत शाई, ओल्या गल्ल्या, भरपूर काळोख. त्या काळातल्या चकचकीत सुपरहिरो चित्रांशेजारी हे अंक आजही वेगळे दिसतात. मॅकीची भाषा मात्र जड आहे. केजन उच्चार दाखवायला शब्दांची स्पेलिंगं मोडलेली असतात, मध्येमध्ये फ्रेंच पेरलेलं असतं. इंग्रजी ही ज्यांची शिकलेली भाषा आहे, त्यांचा वेग इथे निम्म्यावर येतो. अडखळलात तर वाक्य मोठ्याने वाचा, स्पेलिंगपेक्षा उच्चारावरून लवकर कळतं. बेला डॉना कोण आणि ती या मालिकेत बेशुद्धावस्थेत का, हे कळायला १९९२चे 'एक्स-मेन' अंक ८ आणि ९ आणि 'घोस्ट रायडर' अंक २६ आणि २७ आधी वाचावे लागतात. त्या वेळी 'घोस्ट रायडर'सुद्धा मॅकीच लिहीत होता.

पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर उठावदार सोनेरी फॉइल आहे. ते पाहून 'दुर्मीळ' म्हणून कुणी मोठी किंमत सांगत असेल तर हसून पुढे जा. त्या वर्षांत चमकदार मुखपृष्ठांचे अंक ढिगाने छापले गेले आणि लोकांनी ते प्लास्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवले. चांगल्या अवस्थेतल्या प्रती म्हणूनच भरपूर आहेत.

१९९७ची चार अंकांची मालिका मॅकी आणि जॅन्सनचीच. सगळं वाचायचा हट्ट असेल तरच वाचा.

२००४: अर्धीच पुरे

जॉन लेमन आणि जॉर्ज जेंटी, १२ अंक, 'हाऊस ऑफ कार्ड्स' आणि 'हॅथ नो फ्युरी' असे दोन संग्रह. त्याच सुमाराला 'रोग'चीही स्वतंत्र मालिका निघाली आणि तीही बाराव्या अंकाला बंद पडली. पहिल्या सहा अंकांत जादूच्या टॅरो पत्त्यांचा संच आहे, न्यू ऑर्लिन्स आहे आणि एक साधी, सरळ चोरी आहे. ते बरे जमलेत. पुढचे सहा अंक ओढूनताणून वाटतात. ग्रेग लँडची मुखपृष्ठं पाहून आतही तशीच चित्रं असतील असं समजू नका. जेंटीची रेषा मोकळी आणि थोडी व्यंगचित्राकडे झुकणारी आहे.

२०२२: क्लेअरमाँटच्या वाचकांसाठीच

जनकाकडेच परत गेलेली ही पाच अंकांची मालिका. चित्रं सिद कोटियन या भारतीय चित्रकाराची आहेत, संग्रहाचं नाव 'थिक अॅज थीव्ज'. काळ १९९०चाच आहे. एक्स-मेनमधल्या स्टॉर्म या नायिकेचं शरीर लहान मुलीचं झालेलं आहे आणि दोघं मिळून चोऱ्या करत फिरतात. गोष्ट 'अनकॅनी एक्स-मेन' अंक २६५ ते २६७च्या आसपास बसते. ते तीन अंक वाचले नसतील तर या लहान मुलीला स्टॉर्म का म्हणतात, इथूनच कोडं सुरू होतं. वाचले असतील तर मजा आहे. क्लेअरमाँट चित्रात दिसणारी गोष्टही शब्दांत सांगतो, ही सवय गेलेली नाही. कोटियनच्या चपळ रेषेला त्या मजकुराच्या चौकोनांखाली जागा कमी पडते, ही खंत राहतेच.

आता प्रश्न पैशांचा. एकदोन महिन्यांत सगळं वाचून संपवायचं असेल तर मार्व्हल अनलिमिटेड या डिजिटल वाचनसेवेचं सभासदत्व घेणं स्वस्त पडतं. पुस्तकंच हवी असतील तर २०१२चा संपूर्ण संग्रह आणि १९९९चे दोन खंड एवढी तीन पुस्तकं पुरतात. हे आयात पेपरबॅक छापणं बंद झालं की भारतात त्यांच्या किमती अवाच्या सवा चढतात, अशा वेळी किंडलची आवृत्ती पाहा, पण मोठ्या टॅबलेटवर. फोनवर स्क्रोसच्या दोन पानांवर पसरलेल्या चौकटींचे तुकडे होतात आणि चोरीचा अर्धा आराखडा दिसतच नाही.