‘लार्ज शॉर्ट फिल्म्स’ वाहिनीवरील गूढपट: दुसऱ्यांदा पाहताना

सुजॉय घोष यांच्या ‘अहल्या’ या बंगाली लघुपटात फळीवर मांडलेल्या बाहुल्यांपैकी एक बाहुली कोणी हात न लावता खाली पडते आणि घरातली तरुण स्त्री ती उचलून सहजपणे जागेवर ठेवते. पहिल्यांदा पाहताना या क्षणाकडे माझे फारसे लक्ष गेले नव्हते. शेवट कळल्यानंतर लघुपट पुन्हा लावला, तेव्हा नेमक्या याच ठिकाणी अंगावर काटा आला. ‘रॉयल स्टॅग बॅरल सिलेक्ट लार्ज शॉर्ट फिल्म्स’ या यूट्यूब वाहिनीवरील आणखी चार लघुपट मग मी याच कसोटीवर पुन्हा पाहिले. रहस्य उलगडून झाल्यावर त्यांत काय उरते, एवढेच मला तपासायचे होते.

वाहिनी विनामूल्य आहे. बहुतेक लघुपट हिंदीत असून त्यांची लांबी साधारणपणे दहा ते वीस मिनिटांची असते. वाहिनीच्या नावात व्हिस्कीच्या एका ब्रँडचे नाव आहे आणि ते लघुपटांसोबतही झळकते. घरात मुलांसोबत पाहणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. येथे प्रेमकथा आणि कौटुंबिक कथाही पुष्कळ असल्याने केवळ गूढकथांच्या शोधात आलेल्या प्रेक्षकाने लघुपटाचे नाव टाकूनच शोध घेणे सोयीचे ठरते. शोधताना खालच्या प्रतिक्रिया मात्र वाचू नयेत, कारण शेवट उघड करून टाकणारे लोक तेथे हमखास भेटतात.

‘अहल्या’ 2015 साली प्रदर्शित झाला आणि त्याची लांबी अवघी चौदा मिनिटे आहे. अर्जुन नावाचा एक तरुण बेपत्ता झाल्याच्या चौकशीसाठी इंद्र सेन हा पोलीस अधिकारी गौतम साधू या वृद्ध कलावंताच्या घरी येतो. दार उघडणारी तरुणी त्या कलावंताची पत्नी असून तिचे नाव अहल्या आहे. पंचकन्यांच्या श्लोकात पहिलेच नाव अहल्येचे ऐकत लहानाचे मोठे झालेल्या मराठी प्रेक्षकाला ही तीन नावे कानावर पडताच अर्धी कथा कळल्यासारखे वाटते, आणि दिग्दर्शकाने त्याला नेमके तेथेच गाठले आहे. पुराणकथेत इंद्र गौतमाचे रूप घेतो, फसवणूक त्याची असते, पण शिळा होऊन पडण्याची वेळ अहल्येवर येते. या घरातही काचेआड एक दगड जपून ठेवलेला आहे आणि त्याला स्पर्श करणाऱ्याला हवे त्याचे रूप घेता येते, असे यजमान अगदी चहापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सुरात सांगतो. जुन्या कथेतील शिक्षेचा हिशेब या वेळी कोणाच्या नावावर मांडला जातो, हे प्रत्यक्ष पाहावे.

दुसऱ्या वेळी पाहताना सर्वाधिक आनंद दिला तो सौमित्र चटर्जी यांनी. तेव्हा ऐंशी वर्षांचे असलेले हे नट पाहुण्याकडे प्रेमळ आजोबांसारखे पाहतात. परंतु शेवट ठाऊक झाला की त्यांच्या प्रत्येक आर्जवात सापळा लावणाऱ्याचा संयम दिसू लागतो. तोता रॉय चौधरी यांचा इंद्र बोलतो चौकशीबद्दल आणि त्याची नजर असते दुसरीकडेच. पुण्यात वाढलेल्या राधिका आपटे यांनी अहल्येला मुद्दाम गूढ न करता अगत्यशील ठेवले आहे, आणि त्या अगत्यामुळेच ती पुढे भीतिदायक वाटते. एक आक्षेप मात्र मी नोंदवतो. अहल्येला स्वतःला काय हवे आहे, हे इतक्या कुशल मांडणीतही कळत नाही. मूळ कथेत तिच्यावर झालेला अन्याय येथे उलटा फिरवला आहे खरा, पण ती अजूनही दोन पुरुषांच्या डावातील सोंगटीच राहिली आहे.

नीरज घेवान यांच्या ‘ज्यूस’ला (2017) कोणी गूढपट म्हणणार नाही, कारण त्यात रहस्य नाही, गुन्हा नाही, चमत्कारही नाही. एका घरी मित्रमंडळी कुटुंबांसह जमली आहेत. पुरुष बैठकीच्या खोलीत कूलरच्या वाऱ्यात गप्पा मारत आहेत आणि बायका स्वयंपाकघरात गॅसच्या धगीत घामाने निथळत आहेत. असे असूनही या पाचांपैकी मला सर्वाधिक ताण याच लघुपटाने दिला. हा ताण प्रसंगातून येत नाही, तो आवाजांतून साचत जातो: तेलाची चरचर, बाहेरून येणारे हसणे, आणि मध्येच काहीतरी मागवणारी पुरुषी हाक. शेफाली शाह यांची मंजू जवळजवळ काहीच बोलत नाही. शेवटचे दृश्य एक खुर्ची, एक पेला आणि एक नजर एवढ्यावर उभे आहे. पुढे काय होणार हे माहीत असूनही दुसऱ्या खेपेला मी श्वास रोखूनच ते पाहिले. हेडफोन लावून पाहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

‘अनुकूल’ (2017) हाही घोष यांचाच लघुपट असून तो सत्यजित राय यांच्या 1976 सालच्या कथेवर आधारलेला आहे. कोलकात्यातील निकुंजबाबू घरकामासाठी अनुकूल नावाचा यंत्रमानव आणतात. भविष्यकाळ दाखवण्यासाठी चकचकीत इमारती किंवा उडती वाहने उभी न करता जुन्या घराच्या अंधूक उजेडातच कथा घडवण्याचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. परमब्रत चटर्जी यांनी यंत्रमानवाला झटकेदार हालचाली दिलेल्या नाहीत; तो फक्त गरजेपेक्षा किंचित अधिक नम्र आहे. हा अनुकूल गीता वाचतो आणि धर्म म्हणजे काय हे मालकाला विचारतो. सौरभ शुक्ला यांचे निकुंजबाबू आपल्या शिक्षकी स्वभावानुसार त्याला मनापासून उत्तर देतात. यंत्रांमुळे नोकरी गमावलेला रतन या घरात येऊ लागला की त्या निरागस शिकवणीचे वजन जाणवू लागते. शेवटाचा अंदाज चाणाक्ष प्रेक्षकाला आधी येऊ शकतो, पण गीतेवरचा तो संवाद दुसऱ्यांदा ऐकताना अधिक अस्वस्थ करतो.

ज्योती कपूर दास यांचा ‘चटनी’ (2016) टिस्का चोप्रा यांच्या अभिनयासाठी पाहावा. भजी आणि हिरवी चटणी पाहुणीपुढे ठेवत एक गृहिणी तिला जुनी हकीगत सांगते, एवढीच त्याची चौकट आहे. पहिल्यांदा तो जबरदस्त पकड घेतो. पुन्हा पाहताना मात्र सगळे धागे शेवटाकडे ओढून बांधल्याचे जाणवते.

प्रियांका बॅनर्जी यांचा ‘देवी’ (2020) पत्ते खेळणाऱ्या वृद्धांच्या मराठी बोलण्यामुळे आपल्याला लगेच जवळचा वाटतो. एका खोलीत नऊ स्त्रिया आहेत, दारावरची घंटा वाजते आणि आणखी एकीला आत घ्यायला जागा आहे का, यावर वाद सुरू होतो. या सगळ्या येथे का आहेत, हे हळूहळू कळत जाते आणि ती कल्पना विलक्षण ताकदीची आहे. काजोल, नीना कुळकर्णी, मुक्ता बर्वे यांसारख्या अभिनेत्री असूनही तेरा मिनिटांत नऊ जणींना जागा देताना काहींच्या वाट्याला एकेका समाजगटाचे प्रतिनिधित्व तेवढे उरते. दार उघडल्यावर जे दिसते, त्यानंतर पडद्यावर अक्षरांतून काही सांगण्याची गरज नव्हती. तेथे नुसता काळा पडदा राहिला असता, तर मी आणखी बराच वेळ त्या दाराकडेच पाहत बसलो असतो.