हेन्री रीड संग्रह : व्हायोलिन शिकणाऱ्याच्या नजरेतून

व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेलगत ॲपलाचियन डोंगरांत ग्लेन लिन नावाचे लहानसे गाव आहे. ड्यूक विद्यापीठात शिकणारे ॲलन जबूर १९६६ आणि १९६७ या वर्षांत तेथे टेपरेकॉर्डर घेऊन जात आणि ऐंशी ओलांडलेल्या हेन्री रीड यांचे फिडल ध्वनिमुद्रित करून आणत. रीड १९६८ मध्ये वारले. ती मुद्रणे आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहेत. १८४ ध्वनिमुद्रणे, ६९ स्वरलेखने, भेटींच्या टिपणांची १९ पाने आणि रीड यांच्या वादनावर जबूर यांनी लिहिलेला निबंध असा हा ऐवज असून तो ऐकायला ना पैसे लागतात ना नावनोंदणी.

फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. मी ते हिंदुस्तानी पद्धतीने, मांडी घालून वाजवायला शिकलो, त्यामुळे या चाली बोटांना जड जाणार नाहीत अशी माझी समजूत होती. म्हणून पहिल्याच दिवशी मुद्रण न ऐकता मी स्वरलेखन समोर ठेवले, त्याचे सरगम वहीत उतरवले आणि तासाभरात एक चाल 'बसवली'. स्वर सगळे बरोबर होते, आणि तरीही ती शाळेतल्या प्रार्थनेसारखी वाजत होती. मग रीड यांचे मुद्रण लावले तेव्हा उमगले की त्या चालीचा जीव डाव्या हाताच्या बोटांत नसून उजव्या हातातल्या गजात आहे. ते गज मात्रेच्या हिशेबाने फिरवत नाहीत. एका गजात तीन स्वर, पुढच्यात पुन्हा तीन आणि मग दोन अशी आठांची विभागणी करतात, त्यामुळे जोर सतत मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडतो. केरव्याच्या आठ मात्रांवर टाळी देत, तोंडाने तीन-तीन-दोन म्हणून पाहिले, तर मी काय म्हणतो ते लगेच कळेल. जबूर स्वतः पाश्चात्त्य अभिजात व्हायोलिन शिकलेले असल्याने त्यांनी स्वरलेखनात गजाच्या या जोडण्याही टिपल्या आहेत, आणि माझ्या मते या संग्रहाचे खरे मोल तेथेच आहे. नुसत्या स्वरांचे पुस्तक कोणीही छापू शकते.

चालींसोबत दिलेल्या नोंदी कोरड्या वाटतात, पण कामाच्या आहेत. चालीची पट्टी, तिचे भाग किती, त्यांतला वरचा कोणता आणि खालचा कोणता, कोणती ओळ कोठे परत येते, हे सारे तेथे थोडक्यात मांडलेले असते. आपल्याकडे स्थायी आधी आणि तार सप्तकाकडे झेपावणारा अंतरा नंतर. या जुन्या डोंगरी चालींपैकी अनेकींत मात्र वरचा भाग आधी येतो आणि चाल उतरत जाते. ही एक गोष्ट अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले.

संग्रहातील 'ओव्हर द वॉटरफॉल' ही चाल आज ठिकठिकाणच्या ओल्ड-टाइम, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या ग्रामीण संगीताच्या, बैठकींत वाजते, आणि ती तेथवर पोहोचली रीड यांच्याकडूनच, जबूर आणि त्यांच्या मित्रांच्या हॉलो रॉक स्ट्रिंग बँडमार्फत. पहिल्या भागात ती अचानक कोमल निषादावर टेकते, तेव्हा क्षणभर खमाज रागाचा भास होतो. पण तो तेवढाच, आणि तो धागा पकडून कोणी आलाप सुरू केल्यास चाल तेथेच संपली म्हणून समजावे. स्वतः रीड यांनी काही चाली क्विन्स डिलियन या म्हाताऱ्या फिडलवादकाकडून उचलल्या होत्या. हे डिलियन सैन्यात बासरीसारखे फाइफ वाजवीत आणि मेक्सिकोचे युद्ध पाहून आलेले होते. म्हणजे १९६६ च्या टेपवर कानांवर येते ते एका हातातून दुसऱ्या हातात, १८४० च्या दशकापासून चालत आलेले आहे.

आता उणिवांविषयी. स्वरलेखन सर्व मुद्रणांचे नाही आणि जे आहे ते पाश्चात्त्य लिपीत आहे, तेव्हा सरगमवाल्यांनी वही जवळ ठेवावी. गाणे ऐकायला येणाऱ्याने येथे येऊच नये, कारण बहुतेक वेळ एकटे फिडल वाजते आणि सलग पाच-सहा चाली ऐकल्यावर नवख्या कानाला त्या सारख्याच वाटू लागतात, मलाही वाटल्या. एका दिवशी एकच चाल घ्यावी आणि ती दहा-बारा वेळा ऐकूनच गज उचलावा, असे मी सुचवीन.

मुळात हे नाचाचे संगीत आहे, आणि नाचणाऱ्यांचे पाय काही या टेपांवर उतरलेले नाहीत. ते ऐकायचे असतील तर व्हर्जिनियातीलच फ्लॉइड गावी, कंट्री स्टोअर नावाच्या दुकानाच्या लाकडी फरशीवर शुक्रवारी रात्री जाऊन बसायला हवे.